लाकडी नळांचा महापौर

हवल्ली, कुवेत
बुधवार

प्रिय सुयोग,

तुझ्या भाषणाचा व्हिडिओ मला तीन दिवसांत अकरा जणांनी पाठवला. आधी तो इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आला. मग जलीबमधल्या तुझ्या जुन्या खोलीतल्या यूसुफने पाठवला, मग प्रभाच्या हॉस्पिटलच्या वॉर्डमधल्या चिपळूणच्या एका नर्सने. शेवटी मंडळाच्या माजी अध्यक्षांनी, ज्यांनी दोन वर्षांत मला ‘कसे आहात’ एवढंही विचारलेलं नाही, ‘आपल्या कुवेतचा मुलगा’ असं खाली लिहून पाठवला. मी तो सात वेळा पाहिला. पहिल्या वेळी अभिमान वाटला. हे खरं आहे आणि आधीच सांगून टाकतो, कारण पुढे या पत्रात तो तुला फारसा सापडणार नाही. दुसऱ्या वेळेपासून मी तुझ्या चुका शोधत होतो.

चुका पुष्कळ आहेत. वाक्याचा शेवट तू अजूनही गिळतोस. उजवा हात खिशात जातो. तो बाहेर काढ म्हणून मी तुला दोन वर्षं ओरडत होतो. आकडा सांगण्याआधी थांबायचं असतं, तू सांगून झाल्यावर थांबतोस. चौदा मिनिटांत एकदाही आवाज चढवला नाहीस. आणि तरीही बाजारातली दूषित विहीर बंद होणार म्हणून चिडून तुझ्या सोनखाडी नगरपालिकेला घेराव घालायला आलेली माणसं हळूहळू खाली बसली. मी तीस वर्षं व्यासपीठावर आहे. मला टाळ्या मिळाल्या, शाली मिळाल्या, इतके नारळ मिळाले की प्रभा ते शेजारच्या मल्याळी घरात वाटते. पण रागाने उभी राहिलेली माणसं माझ्या बोलण्याने कधी खाली बसली नाहीत.

मग तू एझरा हॉलिसची गोष्ट सांगितलीस. माझ्या हॉलिसची. अमेरिकेतल्या नदीकाठच्या एका लहान शहराचा, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा महापौर. त्याच्या स्वतःच्या शहरातही आज त्याचं नाव कुणाला ठाऊक नसेल, आणि तो कोकणातल्या खाडीकाठच्या बाजारपेठेत येऊन उभा राहिला. तो तिथे कुणाच्या तोंडून पोचला, हे तू सांगितलं नाहीस. ‘कुवेतला असताना ऐकलं होतं,’ एवढंच म्हणालास. जणू रेडिओवर ऐकलं होतंस. आणि त्यानंतर तू जाहीर केलंस की येत्या रविवारी, शिमग्याची पालखी बाजारात यायच्या आधी, तू विहिरीच्या पायरीवर एकटा उभा राहणार, पोलीस बोलावणार नाहीस, आणि विहिरीवर स्लॅब टाकून घेणार. ‘हॉलिस म्हणाला होता, या पाण्यापर्यंत जायचं असेल तर आधी माझ्यावरून जा. मीपण तेच सांगतो.’ मराठीत हेवा, असूया, मत्सर असे चढत जाणारे शब्द आहेत. त्या क्षणी मी मत्सरावर होतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने आपल्या शिष्याबद्दल असं लिहू नये. पण आज लिहिणार आहे.

सोमवारी तुझा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये नव्हतो. घरीच होतो, फोनकडे बघत बसलो होतो. प्रभाने विचारलं, कुणाचा आहे. मी म्हटलं, बँकेचा. तुला उलटा फोन का केला नाही, याचं एक कारण हे की फोनवर मी तोंड उघडलं की भाषण सुरू होतं. मग मला समोरचा माणूस ऐकू येत नाही, फक्त माझा आवाज ऐकू येतो. म्हणून हाताने लिहितो आहे. पानांचे फोटो काढून तुला पाठवीन. अक्षर लागलं नाही तर तुमच्या देवळातल्या गुरवाच्या मुलीकडून वाचून घेऊ नकोस, मला विचार. दुसरं कारण शेवटी येईल. ते लिहायला धीर गोळा करावा लागतोय.

हॉलिस मला कसा सापडला हे तुला माहीत आहे, पण पूर्ण नाही. मंडळात बोलायला उभं राहायचं म्हणजे आधी रसिकाताईंची अट ऐकायची: राजकारण नको, धर्म नको, इथल्या कायद्याबद्दल तर एक अक्षर नको. त्यांचं चूक नव्हतं, मंडळ चालवायचं त्यांना होतं. पण माझ्यासारख्या माणसाने बोलायचं कशावर? आरोग्य आणि आहार यावर? मी तेवीस वर्षं अशा देशात राहतो जिथे मला मत नाही, आणि जिथे मत आहे तिथे मतदानाला जायला रजा नाही. डोक्यात विचार असलेल्या माणसाला ही कोंडी काय असते, ते आहारावर बोलणाऱ्यांना कळणार नाही. त्या सुमारास हॉस्पिटलमधून निवृत्त झालेला एक आयरिश डॉक्टर मायदेशी गेला आणि पुस्तकांची चार खोकी दाराबाहेर ठेवून गेला. त्यात हॉलिसच्या कचेरीतल्या कारकुनाने लिहिलेलं त्याचं चरित्र होतं, वाळवीने कोपरे खाल्लेलं. मी ते दोन दिवसांत वाचलं आणि मला माझा माणूस मिळाला. दूरच्या देशातला, मेलेला, कुणालाही न दुखावणारा. त्याच्या तोंडून मी काय वाटेल ते बोलू शकत होतो.

पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा. शाळा तीन हिवाळे. पंधराव्या वर्षी झाडांचे ओंडके आरपार कोरून त्यांचे पाण्याचे नळ बनवायला लागला, आणि चाळिशीपर्यंत त्याने दुसरं काही केलं नाही. मग पटकी आली. भर चौकातल्या विहिरीत कसाईखान्याचा निचरा झिरपतो, हे त्याला कळलं, कारण त्या गल्लीची जमीन त्यानेच खणलेली होती. ती विहीर बंद करायची म्हणून तो निवडणुकीला उभा राहिला आणि एका वर्षासाठी महापौर झाला. हवल्लीतल्या शाळेच्या सभागृहात मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या बायकांनी गप्पा थांबवल्या. विहिरीच्या कठड्यावर एकटा उभा राहिलेला हॉलिस, समोर दांडकी घेतलेला जमाव, आणि ते वाक्य. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या गर्दीत तू पुढे आलास. कंपनीचा निळा शर्ट, जेवणाची थाळी अजून हातात. मला वाटलं, पाया पडणार. तू म्हणालास, ‘सर, त्या लाकडाच्या पायपांना जॉइंट कसा मारायचे? गळत नाय काय?’

मला माहीत नव्हतं. पाऊण तास मी नळांवर बोललो होतो आणि दोन नळ एकमेकांना कसे जोडतात हे मला माहीत नव्हतं. घरी येऊन पुस्तक उघडलं तर आकृतीच होती: एका ओंडक्याचं टोक पेन्सिलीसारखं तासायचं आणि दुसऱ्याच्या भोकात ठोकून बसवायचं, पाणी लागलं की लाकूड फुगतं आणि सांधा घट्ट होतो. ते पान मी वाचताना उलटून गेलो होतो. पुढच्या शुक्रवारी तू घरी आलास, ती आकृती बघत बसलास, आणि प्रभाने वाढलेलं जेवण थंड झालं. इंग्रजी मजकूर तू वाचला नाहीस. तो तू माझ्यावर सोपवलास.

त्यानंतर दोन वर्षं तू शुक्रवारी येत होतास. मी तुला उभं राहायला शिकवलं, श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं, आणि तू आमच्या गच्चीवरच्या टाकीचा पंप नीट केलास, स्वयंपाकघरातला नळ, मग खालच्या इजिप्शियन कुटुंबाचा नळ, मग इमारतीच्या हारिसचा, म्हणजे राखणदाराचा, तो तर तुला बघितलं की सलाम ठोकायला लागला. सहा वर्षं त्याच इमारतीत राहून त्याने मला कधी सलाम केला नव्हता. हसू नकोस. मत्सर इथूनच सुरू झाला, असल्याच बारीक गोष्टींतून. मोठेपणी होणारे आजार लहानपणीच अंगात असतात, तसं.

मग एकदा तू मला जलीबला घेऊन गेलास. आठ माणसांची खोली, पंख्याला टांगलेले कपडे, आणि तू खालच्या पलंगावर बसून, हातातल्या नळाचा वायसर बदलत, तुझ्या कोकणी मित्रांना हॉलिस सांगत होतास. तुला पॉज घेता येत नव्हता, तू मधेच ‘ते पक्कड दे रे’ म्हणत होतास. आणि ती माणसं प्रश्न विचारत होती. त्याची बायको काय म्हणाली? पगार किती होता? विहीर बंद झाली तर तोवर लोकांनी पाणी कुठलं प्यायचं? हा शेवटचा प्रश्न यूसुफचा होता. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी हात हलवून तो उडवून लावला. यूसुफ म्हणाला, ‘मेयरसाहब, पहले अपनी बिल्डिंग का पानी तो लाओ.’ सगळे हसले. तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर छतावर चढलास, टाकीचा अडकलेला फ्लोट सोडवलास, आणि चार महिने कोरड्या असलेल्या वरच्या मजल्यावर पाणी आलं. त्या दिवसापासून जलीबमध्ये तुला सगळे ‘मेयर’ म्हणायला लागले. हॉलिसला मी खोक्यातून बाहेर काढला, त्याला मराठी मी शिकवलं, आणि मला कुणी कधी मेयर म्हटलं नाही. मला ‘सर’ म्हणत होते. सर म्हणजे ज्याला ऐकून घ्यायचं आणि घरी जायचं.

तुझं कंत्राट संपलं, तू परत गेलास, आणि डिसेंबरात कळलं की तू अपक्ष उभा राहून थेट नगराध्यक्ष झालास. मी प्रभाला म्हटलं, लोक विचार देणाऱ्याला हार घालतात आणि नळ दुरुस्त करणाऱ्याला मत देतात, हीच आपल्या लोकशाहीची शोकांतिका आहे. वाक्य मला आवडलं, मी ते कुठेतरी वापरणार होतो. प्रभा भाजी निवडत होती. म्हणाली, ‘तुम्ही कुणाचा एक तरी नळ दुरुस्त करून बघायचा होतात.’ मुक्ताने तर सरळ इंग्रजीत विचारलं, बाबा, तुमचा विद्यार्थी जिंकला, मग तुम्ही हरल्यासारखे का बसलात? सोळा वर्षांची मुलगी. मी तिला इंग्रजीतच उत्तर दिलं, म्हणजे दिलंच नाही.

आणि आता ही विहीर. पाण्याचा अहवाल तू मला पाठवलास आणि विचारलंस, बरोबर आहे ना सर. त्यात मैल्याचे जंतू होते. कावीळ झालेले त्र्याऐंशी जण, त्यांतली एक गरोदर बाई आठवडाभरात गेली. मी एका ओळीत लिहिलं, अहवाल बरोबर आहे. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकातून हेच बघत आलोय, त्याबद्दल शंका नाही. विहीर वापरातून गेलीच पाहिजे, हे मी कुठल्याही सभेत छातीठोकपणे सांगेन. तुझ्याविरुद्ध जे उभे आहेत त्यांना बाजारातल्या त्या पाण्यावर प्रेम आहे, आणि पालखीचा पहिला कलश तिथलाच हवा, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. ते दांडगे नाहीत. घाबरलेले आहेत. घाबरलेला माणूस दांडग्यापेक्षा जोरात ढकलतो.

इथवर लिहून मी उठलो, चहा केला आणि पुन्हा बसलो. आता ते लिहितो. कारकुनाच्या पुस्तकात ते वाक्य नाही, सुयोग. हॉलिस कठड्यावर उभा राहिला नाही. जमाव यायच्या दिवशी सकाळी त्याने बहिणीच्या आजारपणाचं निमित्त सांगितलं आणि होडीने नदीपलीकडे गेला. लोकांनी विहिरीवरचं झाकण फोडलं आणि पाणी प्यायले, आणि मेले. सहा दिवसांनी तो परत आला तेव्हा रस्त्यात त्याच्याकडे कुणी बघेना. मग त्याने त्याला येत होतं तेवढंच केलं. टेकडीवरच्या झऱ्यापासून चौकापर्यंत ओंडक्यांची एक ओळ टाकली, दोन मजूर आणि तो स्वतः, पस्तीस दिवस. विहीर बंद केली नाही. तिच्या शेजारी नळ वाहता ठेवला, आणि घरोघर जाऊन एकेक भांडं प्यायला दिलं. झऱ्याचं पाणी जास्त थंड होतं. हिवाळ्यापर्यंत विहिरीवर कुणी जाईना. पुढे ती बुजवली. पुढच्या निवडणुकीत तो दणकून पडला, कारण लोकांना ती होडी आठवत होती, आणि तो परत ओंडके कोरायला गेला. हे सगळं त्या पुस्तकात आहे. होडीचं पान मी पहिल्याच भाषणात गाळलं, कारण पळणाऱ्यावर टाळ्या पडत नाहीत. आणि पस्तीस दिवसांचं प्रकरण कंटाळवाणं म्हणून वगळलं. यूसुफने नेमकं तेच विचारलं होतं आणि मला उत्तर माहीत होतं.

वाक्य कुठलं ते सांगतो. ते माझं आहे. तेवीस वर्षांपूर्वी माझ्या गावात कारखान्याचं मळीचं पाणी नदीत सोडत होते. मी सभा घेतल्या, सभांना माणसं मावत नव्हती. मोर्चाच्या आधीच्या सभेत मी ते वाक्य बोललो: आधी माझ्यावरून जा. चार दिवसांनी मोर्चा होता. तिसऱ्या दिवशी मी कुवेतच्या विमानात होतो. व्हिसा दोन आठवडे खिशात होता, सभेतसुद्धा. माझ्या पाठीमागे माइकची पेटी उचलणारा शत्रुघ्न नावाचा मित्र होता. मोर्चात मी आलो नाही हे कळल्यावर तो माझ्या जागी पुढे उभा राहिला, आणि तिथे त्याचा डावा डोळा गेला. तो अजून गावात आहे. मी त्याला कधी पत्र लिहिलं नाही. ते वाक्य वाया जाऊ नये म्हणून मी ते हॉलिसच्या तोंडी घातलं, निदान कुणीतरी ते बोलून तिथेच उभा राहिला असं ऐकायला मिळावं म्हणून. वर्षानुवर्षं ऐकवून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. मग तुझ्या व्हिडिओत ते वाक्य पहिल्यांदा अशा माणसाच्या तोंडून आलं, जो खरंच हलणार नाही. सोमवारी मी फोन उचलला नाही तो यामुळे. तुला सांगायला मी तेव्हाच तयार असायला हवं होतं. मी तीन दिवस गप्प राहिलो, कारण माझ्यातल्या एका कोपऱ्याला रविवारी तू पडावास असं वाटत होतं. हे मी स्वच्छ मराठीत लिहितो, म्हणजे माझा मत्सर किती खोल आहे ते तुला कळेल, आणि यापुढे माझ्या कुठल्याही सल्ल्याकडे तू जरा तिरक्या नजरेने बघशील. पण हा एक सल्ला घे. रविवारी पायरीवर उभा राहू नकोस. आजच गुरवाकडे जा, कलशाचं काय करायचं ते त्यालाच विचार, मला नको. विहिरीशेजारी टँकर उभा कर, तुझ्या हाताने एक नळ जोड, पहिलं भांडं रागावलेल्यांच्या घरी नेऊन दे, आणि स्लॅबचं नंतर बघ. हे करताना लोक तुला भित्रा म्हणतील. म्हणू देत. ते तू ऐकून घेऊ शकशील. मला ते ऐकून घेता आलं नसतं, म्हणून मी निघून आलो. ज्या हॉलिसचं अनुकरण तू करतो आहेस तो कधी झालाच नाही, सुयोग. आणि जो झाला, तो तुझ्या हातांत आधीपासून आहे. हे लिहितानाही माझा जळफळाट होतो आहे.

तुझ्यावर जळणारा, आणि तरीही तुझाच,
विश्वास